बोटांवर मोजण्याइतके नेम
(श्री संत गाडगेबाबांचे जीवन)

॥ राम कृष्ण हरि ॥

दिंडीत नवा माणूस आला की पहिल्या-दुसऱ्या मुक्कामालाच तो विणेकऱ्यांजवळ येऊन बसतो आणि विचारतो, की बुवा, आता मी काय काय करायचं? त्याच्या मनात भली मोठी यादी असते. पहाटे तीनला उठायचं, पारायण धरायचं, मौन पाळायचं, चहा सोडायचा, राग सोडायचा, तंबाखू सोडायची, रोज अमुक माळा जप करायचा. आषाढीला धरलेलं हे सगळं कार्तिकीपर्यंत सुटतं. मग तोच माणूस मान खाली घालून सांगतो, की आमच्याच्यानं काही होत नाही, परमार्थ आमचं काम नव्हे. खरं म्हणजे त्याचं मन वाईट नसतं. ओझं जास्त घेतलेलं असतं एवढंच.

आपल्या संप्रदायाने याबाबतीत फार मोठी सोय करून ठेवली आहे. गळ्यात तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षाची वारी, मद्य-मांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान. नेम थोडे, पण मरेपर्यंतचे. एवढं सांभाळलं की बाकीचं माउली बघून घेते, असं आपली जुनी माणसं सांगत आली.

शताब्दीच्या या अंकात थोडे नेम धरून मोठा झालेल्या एका माणसाचं चरित्र असावं असं ठरलं, तेव्हा मी श्री संत गाडगेबाबांचं नाव सुचवलं. त्यावर आपल्यातच थोडी कुरकुर झाली. बाबा फडकरी नव्हते, त्यांनी गुरू केला नाही, शिष्य केला नाही, पंढरीत येऊन ते राउळात दर्शनाला जात नसत, मग वारकऱ्यांच्या अंकात ते कसे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वाद घालून देण्यापेक्षा त्यांचं आयुष्यच सांगतो, मग ज्याने त्याने ठरवावं.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावी झाला. घर परिटाचे. वडील झिंगराजी, आई सखुबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी. त्या काळी त्या भागात घरोघरी देवाला बकरे कापायची आणि त्या कंदुरीबरोबर दारू पिण्याची चाल होती. देवाच्या नावाने सुरू झालेली दारू झिंगराजींच्या घरात कायमची येऊन बसली. शेत गेले, बैल गेले, शेवटी माणूसही गेला. डेबू तेव्हा आठेक वर्षांचा होता. सखुबाईने लेकराला घेऊन माहेर गाठले. मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे हे ते गाव.

मामाच्या घरी डेबू शाळेत गेला नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे, शेण काढणे, नांगर धरणे हेच त्याचे शिक्षण. पण हे काम तो इतक्या मनापासून करी, की त्याने राखलेली गुरे आणि त्याने झाडलेला गोठा गावात नावाजला गेला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे ज्या खराट्याने बाबा महाराष्ट्रभर ओळखले गेले, तो काही विरक्त झाल्यावर त्यांनी नव्याने हातात घेतला नव्हता. मामाच्या गोठ्यात लहानपणीच लागलेली ती सवय होती. जे येत होतं, तेच त्यांनी पुढे धरून ठेवलं.

मामाची जमीन चांगली होती, पण लिहिता-वाचता येत नसल्याने सावकाराच्या कागदावर अंगठे उठत गेले. कर्ज फिटले असे वाटत असतानाच आकडा वाढलेला निघाला आणि जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामा गेले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबू नांगर सोडून त्यांना आडवा गेला, असे चरित्रकार सांगतात. अंगात ताकद होती म्हणून तो दिवस निभावला. पण अंगठ्याने घर बुडते हे तो त्या दिवसापासून विसरला नाही. पुढे आयुष्यभर प्रत्येक कीर्तनात बाबा दोन गोष्टी हटकून सांगत आले. कर्ज काढू नका, मग ते लग्नासाठी असो की देवासाठी. आणि पोराला शाळेत घाला, त्यासाठी घरातली ताटं विकून हातावर भाकरी खावी लागली तरी चालेल. पन्नास वर्षांत या बोलण्यात त्यांनी फारसा बदल केला नाही. स्वतःच्या घरात जे जळलं, तेवढंच ते सांगत होते.

डेबूजींचे लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंद जमले. रिवाजाप्रमाणे बकरे आणि दारू यांचीच वाट सगळे बघत होते. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. पंक्तीत कुजबुज झाली, कुणी रागावले, जातीचा रिवाज मोडला म्हणून बोलणी बसली. डेबूजींनी कुणाशी भांडण केले नाही आणि जेवणही बदलले नाही. आज आपल्याला हे साधं वाटेल. पण भाऊबंदांच्या पंक्तीत, सगळ्यांच्या देखत, चालत आलेलं मोडणं किती अवघड असतं ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. दारू गावाने सोडावी असं सांगण्याआधी त्यांनी आपल्या अंगणात ती येऊ दिली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते नुसते हिंडत होते. या बारा वर्षांत त्यांनी काय मिळवलं असं विचारलं, तर उत्तर उलटं द्यावं लागतं. त्यांनी एकेक वस्तू कमी करत आणली. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका पायात एक जोडा आणि दुसऱ्या पायात वेगळाच, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात काठी, आणि डोक्यावर एक मातीचे गाडगे. पाणी प्यायला तेच, भाकरी घ्यायला तेच, ऊन-पावसात टोपीही तेच. लोक कुणी गोधडे महाराज म्हणत, कुणी चिंधेबुवा, कुणी आणखी काही. शेवटी गाडगेबाबा हे नाव राहिले.

हा वेश म्हणजे काही सोंग नव्हते. चोराने न्यावे असे जवळ काही नव्हते, म्हणून राखण नव्हती. कुणी पाया पडावे असे रूप नव्हते, म्हणून मान सांभाळायची कटकट नव्हती. रोज काय नेसावे, कुठे जेवावे, कुणाकडे उतरावे याचा विचार संपला. मग जो वेळ आणि जी ताकद उरली ती कामाला लागली. आपल्यापैकी कितीजणांचा निम्मा दिवस या विचारातच जातो, ज्याने त्याने आपला हिशेब करावा.

बाबांचा दिवस कसा असे ते आता सांगतो. गावात पाऊल टाकले की ते कुणाच्या वाड्यावर जात नसत. खराटा काढत आणि रस्ता झाडायला लागत. गटार तुंबलेले असले तर ते मोकळे करत. वेडा कोण आला म्हणून पोरे मागे लागत, कुत्री भुंकत, एखादा शेलक्या शिव्या देई. बाबा झाडत राहत. भूक लागली की कुणाच्या दारात उभे राहत, पण फुकट मागत नसत. लाकडे फोडू का, अंगण झाडू का, असे विचारत. काम करून जी शिळीपाकी भाकरी आणि चटणी-पिठलं मिळेल ते गाडग्यात घेत आणि गावाबाहेर झाडाखाली बसून खात. आणि मग संध्याकाळी, सकाळी आपणच झाडून ठेवलेल्या चौकात, त्यांचे कीर्तन होई. रात्री कीर्तन आटोपले की लोक पाया पडायला धावत, तेव्हा बाबा अंधारात दिसेनासे होत आणि दुसऱ्या गावाची वाट धरत.

हेच रोज. काल एका गावात, आज दुसऱ्या, उद्या तिसऱ्या. मोजायला बसलं तर त्यांचे नेम एका हाताच्या बोटांवर संपतात. खराटा धरायचा. काम केल्याशिवाय खायचं नाही. पैशाला हात लावायचा नाही. संध्याकाळी नाम घ्यायचं आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. पाया पडू द्यायचं नाही, मुक्काम वाढवायचा नाही. बाकी जप-तप, योग, ग्रंथ यांपैकी काही नाही. बाबांना लिहिता-वाचताही येत नव्हते.

हे नेम थोडे असले तरी त्यांची एकमेकांशी गाठ कशी होती ते बघण्यासारखे आहे. सकाळी ज्याने गावाची घाण काढली, त्याला संध्याकाळी गावाला चार शब्द सुनवायचा अधिकार आपोआप मिळत होता. ज्याने आपल्या कष्टाची भाकरी खाल्ली, त्याला पाटलाची किंवा सावकाराची भीड नव्हती. ज्याने पैसा शिवला नाही, त्याच्यावर हिशेबाचा संशय घेता येत नव्हता. आणि जो रात्रीच निघून जात होता, त्याच्याभोवती मठ आणि शिष्यशाखा जमत नव्हती. एक नेम दुसऱ्याला टेकू देत होता. म्हणून पाचही उभे राहिले. आपण धरतो ते नेम पुष्कळदा असे सुटेसुटे असतात. एक उपवासाचा, एक वाचनाचा, एक आणखी कशाचा, एकाचा दुसऱ्याला आधार नाही, म्हणून पहिल्याच वाऱ्याला पडतात.

बाबांच्या कीर्तनात शास्त्र नव्हते, पूर्वरंग-उत्तररंग नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. देवाला बकरं कोण मागतं, दगडाच्या देवाला नैवेद्य दाखवता तेव्हा कुत्रं काय करतं, शिवाशीव मानता तर आजारी पडल्यावर डॉक्टरची जात विचारता का, असे ते प्रश्न. माणसे आधी हसत आणि मग गप्प होत. मधेच गोपालाच्या नामाचा गजर सुरू होई आणि हजारो माणसे टाळ्या वाजवत त्यात मिसळत. कबीर आणि आपले तुकोबाराय यांची वचने त्यांच्या तोंडी सहज येत, कारण ऐकून ऐकून ती पाठ झालेली होती. ज्याला वाचता येत नाही त्याचे कान तयार असतात, हे आपल्या जुन्या टाळकऱ्यांमध्ये आपणही पाहिलेले आहे.

आता थोडे त्यांच्या कामाबद्दल. वऱ्हाडात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलातून नदीत उतरत असत. तिथे बाबांनी लोकांना जमवून घाट बांधवला. पंढरपुरात १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळेचे काम उभे राहिले. वारीला येणाऱ्या अस्पृश्य म्हटलेल्या समाजातील माणसांना त्या काळी पंढरीत पाठ टेकायला जागा मिळत नसे. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्याच माणसांना उघड्यावर पावसात रात्र काढावी लागे. त्यांच्यासाठी ही धर्मशाळा. पुढे नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात आजाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली, आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्ते चालली, गोरक्षण झाले, शाळा आणि वसतिगृहे झाली. १९५२ साली या सगळ्याचा कारभार बघण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. कऱ्हाडला रयत शिक्षण संस्थेचे जे महाविद्यालय १९५४ साली निघाले, त्यालाही कर्मवीर भाऊराव पाटलांनी सद्‌गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला लागले. आज अमरावतीचे विद्यापीठही त्यांच्याच नावाचे आहे.

लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यातल्या एकाही खोलीत बाबा राहिले नाहीत. देणगी देणाऱ्यांनीच पैसा ठेवायचा, त्यांनीच बांधकाम बघायचे, त्यांनीच विश्वस्त व्हायचे. आपल्या घरच्या माणसांचा या मिळकतींवर कसलाही हक्क नाही असे त्यांनी ठरवून टाकले होते. कुंताबाई आणि मुले झोपडीतच राहिली.

इथे थोडं थांबून एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. बाबांच्या नेमांची किंमत बाबांनी एकट्याने मोजली नाही. कुंताबाईंनी ती जास्त मोजली. नवरा जिवंत असून घरात नाही, नवऱ्याच्या नावावर धर्मशाळा आणि आपल्या डोक्यावर धड छप्पर नाही, हे सोसणं काय असेल ते बायामाणसांनीच समजून घ्यावं. वारीच्या दिवसांत घर, गुरं, पेरणी सांभाळून मागे राहणारी माउली आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. आपल्या नेमाचा भार दुसऱ्या कुणावर पडतो आहे का, हे बाबांचं चरित्र वाचताना मला नेहमी टोचतं. त्यांची योग्यता मोठी होती, त्यांनी घर सोडलं. आपण प्रापंचिक आहोत. आपला नेम घरच्यांना जड होणार नाही एवढाच असावा.

१९२३ सालची गोष्ट आहे. कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू होते. तिथे निरोप आला, की मुलगा गोविंद गेला. एकुलता राहिलेला मुलगा. बाबा क्षणभर थांबले आणि त्यांनी कीर्तन पुढे चालू केले. पुष्कळ जण ही गोष्ट बाबांच्या कठोर वैराग्याची म्हणून सांगतात. मला ती थोडी निराळी वाटते. अशा वेळी माणसाच्या हातापायातलं बळ जातं, काय करावं ते सुचत नाही. त्या क्षणी विचार करून काही ठरवणं शक्य नसतं. तेव्हा रोजचा नेमच माणसाला धरतो. आपल्यातही कुणाच्या घरी दुःख झालं तरी संध्याकाळी हरिपाठाला ओठ आपोआप हलतात. वर्षानुवर्षं आपण नेम सांभाळलेला असतो, आणि एक दिवस तो आपल्याला सांभाळतो. यादीतले वीस संकल्प अशा वेळी आठवतही नाहीत.

आता पंढरीचा प्रश्न. बाबा आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास येत. लाखो माणसे चंद्रभागेत स्नान करून दर्शनबारीकडे जात, तेव्हा बाबा वाळवंटात खराटा घेऊन उभे असत. जिथे घाण तिथे बाबा. त्यांच्यामागे हळूहळू शे-दोनशे माणसे खराटे घेऊन लागत. दिवसभर वाळवंट झाडून रात्री तिथेच कीर्तन. राउळात मात्र ते दर्शनासाठी गेले नाहीत असे सांगतात. त्यांच्या हयातीतली पुष्कळ वर्षे तर विठ्ठलाच्या देवळाचे दार चोखोबांच्या माणसांना बंदच होते. साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा १९४७ साली ते उघडले.

आपल्या जुन्या माणसांना बाबांची ही रीत खटकत असे, ते खोटे नाही. विठोबाच्या पायांवर डोके ठेवल्याशिवाय वारी पुरी होते का, हा वारकऱ्याचा प्रश्न आहे आणि तो मीही सोडायला तयार नाही. मी दर वर्षी बारीत उभा राहतो आणि राहीन. पण एवढं मात्र मला कळतं, की मी बारीत उभा असताना माझ्या पायाखालची वाट कुणीतरी झाडलेली असते. तोही पांडुरंगाच्या अंगणातच उभा असतो. कोण देवाच्या जास्त जवळ, याचा निवाडा करायला आपण बसू नये.

१९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. एक निरक्षर कीर्तनकार आणि एक परदेशात शिकून आलेला विद्वान, पण दोघांमध्ये मोठा आदर होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्या बातमीने बाबा फार खचले असे सांगतात. प्रकृती आधीच ढासळली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. वय ऐंशीच्या पुढे होते. घर सोडल्यापासून एक्कावन्न वर्षे झाली होती आणि पहिल्या दिवशी जे करत होते तेच ते शेवटच्या महिन्यापर्यंत करत होते. नोव्हेंबर महिन्यातही मुंबईत त्यांचे कीर्तन झाले होते.

बाबांच्या चरित्रातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला आपल्या दिंडीपुरतं एकच सांगायचं आहे, आणि त्याला एक कारण घडलं आहे.

गेल्या वारीत एका मुक्कामाच्या शेतकऱ्याने निरोप धाडला, की पुढच्या वर्षी दुसरी जागा बघा. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आपण त्या शेतात उतरत होतो. माउली म्हणून ते विहिरीवरची मोटर रात्रभर चालू ठेवायचे. आपण पहाटे निघालो आणि मागे पत्रावळी, कागदी पेले, प्लास्टिकच्या पिशव्या, फरशीवर सांडलेला भात असं सगळं राहिलं. त्यांच्या बैलाने पिशवी खाल्ली. बैल वाचला, पण त्यांचं मन मोडलं. त्या पहाटे मीही तिथेच होतो. टाळ पिशवीत भरला, अंथरूण ट्रकमध्ये टाकलं आणि काकड्याच्या घाईत पुढे निघालो. खराटा मी हातात घेतला नाही. कुणीतरी घेईल असं वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार.

त्यानंतर आपली सभा झाली. शिस्तीचे नियम करायचे ठरले. लिहिता लिहिता ते एकवीस झाले. गणवेश कसा असावा, पताका कुणी धरावी, मोबाइल कधी बंद ठेवावा, चहाची वेळ कोणती, सगळं त्यात आलं. कागद छान टाइप करून राहुटीत लावायचं ठरलं. पण सभेहून घरी जाताना मी तिघांना विचारलं, तर तिघांपैकी कुणालाही पाचाच्या वर नियम आठवले नाहीत. मलाही सातच आठवले.

तेव्हा या अंकाच्या निमित्ताने माझी मायबाप वारकऱ्यांना विनंती अशी, की तो कागद बाजूला ठेवावा. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही दिंडी काढली त्यांच्याकडे असा कागद नव्हता. आपण तीनच नेम धरू. मुक्कामाला पोचल्यावर आणि निघण्याआधी, प्रत्येकाने आपण बसलो तेवढी जागा झाडायची, विणेकऱ्यांपासून स्वयंपाक्यापर्यंत, कुणी सुटणार नाही. संध्याकाळचा हरिपाठ चुकवायचा नाही, मग कितीही दमलेलं असो. आणि पंक्तीत आयतं बसायचं नाही, पाणी वाढणं असो की भांडी घासणं असो, हाताला काहीतरी काम असल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. बाकीचे अठरा नियम या तिघांच्या पोटात आपोआप येतील असं मला वाटतं. नाही आले, तर पुढच्या वर्षी चौथा धरू.

आणि जो नवा माणूस वही घेऊन विणेकऱ्यांजवळ येऊन बसेल, त्याला आधी ती वही मिटायला सांगावी आणि हातात खराटा द्यावा. संध्याकाळी तो आपल्या शेजारी हरिपाठाला बसेल. एवढ्याने सुरुवात पुरे आहे.

वारीला निघण्याआधी आपण चारजण त्या शेतकरी दादांकडे जाऊन येणार आहोत. जागा मागायला नाही. त्यांचं शेत झाडून द्यायला. पुढे जागा द्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपापला खराटा घेऊन यावं.

॥ राम कृष्ण हरि ॥